एकशे एक्क्याण्णव मण्यांची माळ

आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एकीने विचारले, "लेकाची उंची वाढत नाहीये. कुणीतरी ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन सुचवलंय. घ्यावं का?" तासाभरात चाळीसेक उत्तरे आली. लोंबकळायला लाव, दूध वाढव, अश्वगंधा दे, अमुक पावडर आण. शेवटी आपल्यातल्या एका डॉक्टर मैत्रिणीने बजावले, "आधी एंडोक्रायनोलॉजिस्टला दाखव, उंचीची नोंद ठेव आणि बाकी कुणाचं ऐकू नकोस." चर्चा तिथे थांबली.

मला मात्र त्या इंजेक्शनबद्दल कुतूहल वाटू लागले. माझे काम सॉफ्टवेअरचे. अभियांत्रिकीला गेल्यावर जीवशास्त्र सुटले ते सुटलेच. पण शाळेत बाईंनी पीयूषिका ग्रंथीची आकृती काढून घेतली होती आणि "वाटाण्याएवढी, पण सगळ्या ग्रंथींची मुख्याध्यापिका" असे तिचे वर्णन केले होते, तेवढे डोक्यात पक्के राहिले होते. त्या ग्रंथीतले वाढीचे संप्रेरक बाटलीत कसे आले, हे शोधत गेले आणि एका माणसाच्या पन्नास वर्षांच्या कामाशी येऊन थांबले. डॉ. चोह हाओ ली हे त्यांचे नाव. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा शाळेच्या आठवणी इतर अनेकजण लिहितील, आपण हा इतिहास लिहावा, असे ठरवले.

ली यांच्या आधीपासून सुरुवात करायला हवी. १९२१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत हर्बर्ट इव्हान्स आणि जोसेफ लाँग या दोघांनी उंदरांना पीयूषिका ग्रंथीच्या पुढच्या भागाचा अर्क टोचला. ते उंदीर आपल्या भावंडांपेक्षा कितीतरी मोठे झाले. म्हणजे त्या अर्कात वाढ घडवणारे काहीतरी होते, एवढे नक्की झाले. पण 'काहीतरी' म्हणजे काय? पीयूषिका ग्रंथी एकच संप्रेरक तयार करत नाही. थायरॉइडला, अधिवृक्क ग्रंथीला, बीजकोशांना, दुधाच्या ग्रंथींना हुकूम देणारी वेगवेगळी संप्रेरके तिथेच तयार होतात. अर्क म्हणजे या सगळ्यांची खिचडी. तिच्यातला कोणता पदार्थ कोणते काम करतो, हे सांगायचे तर प्रत्येक पदार्थ वेगळा, निखळ करून दाखवायला हवा होता. हे काम शरीरशास्त्रज्ञाच्या आवाक्यातले नव्हते. त्याला रसायनशास्त्रज्ञ हवा होता.

चोह हाओ ली यांचा जन्म १९१३ चा, चीनमधल्या कँटन म्हणजे आजच्या ग्वांगजौचा. १९३३ मध्ये नानकिंग विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन दोन वर्षे त्यांनी तिथेच शिकवले. १९३५ मध्ये ते अमेरिकेत आले. त्यांचे थोरले भाऊ चोह मिंग ली बर्कलीत अर्थशास्त्र शिकत होते. हेच पुढे हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीचे पहिले कुलगुरू झाले. बर्कलीच्या रसायनशास्त्र विभागाला नानकिंगच्या पदवीची किंमत माहीत नव्हती. पण ली यांच्याकडे विद्यार्थिदशेत केलेल्या संशोधनाचा एक छापील निबंध होता. तो पाहून विभागाने त्यांना परीक्षेवर, काही महिन्यांपुरते घेतले. १९३८ मध्ये त्यांनी तिथेच पीएचडी मिळवली आणि इव्हान्स यांच्या संस्थेत कामाला लागले. अमेरिकेत चिनी लोकांच्या येण्यावर आणि नागरिकत्वावर बंदी घालणारा कायदा तेव्हा लागू होता, तो १९४३ मध्ये रद्द झाला. ली यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले ते १९५५ मध्ये. तोपर्यंत या परक्या माणसाने त्या देशाच्या विज्ञानाला अनेक संप्रेरके शोधून दिली होती.

आता हे काम प्रत्यक्षात कसे चालत असे, ते सांगते, कारण खरी कथा तिथेच आहे. कत्तलखान्यातून बैलांच्या आणि मेंढ्यांच्या पीयूषिका ग्रंथी गोळा करून आणायच्या. त्या दळायच्या. अर्क काढायचा. मग त्यात क्षार घालून, आम्लता कमी-जास्त करून एकेक प्रथिन साक्यासारखे खाली बसवायचे. खाली बसलेल्यात काय आहे आणि वर राहिलेल्या पाण्यात काय आहे, हे पुन्हा पुन्हा तपासायचे. तपासायचे कशावर, तर पीयूषिका ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांवर. अशा उंदरांची वाढ थांबलेली असते. त्यांना चार दिवस इंजेक्शन द्यायचे आणि पायाच्या नळीच्या हाडाच्या टोकाशी असलेली कूर्चेची पट्टी किती रुंद झाली ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. ही 'टिबिया चाचणी' इव्हान्स-ली यांच्या गटाने १९४९ मध्ये नीट बसवली आणि पुढे कित्येक वर्षे जगभर ती वापरात राहिली.

या चिवटपणाला फळे आली. १९४० मध्ये ल्युटिनायझिंग संप्रेरक, १९४३ मध्ये अधिवृक्क ग्रंथीला चालना देणारे एसीटीएच, आणि १९४४ मध्ये बैलाच्या ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक. इव्हान्स यांनी १९२१ मध्ये ज्याची सावली पाहिली होती, ते तेवीस वर्षांनी पांढऱ्या भुकटीच्या रूपात हाती आले. विद्युतक्षेत्रात सोडले किंवा अतिवेगाने फिरवले, तरी त्याचे दोन भाग होत नव्हते. तेव्हाच्या साधनांनी जेवढी शुद्धता सिद्ध करता येत होती, तेवढी त्यांनी सिद्ध केली. १९५० मध्ये बर्कलीत खास संप्रेरक संशोधन प्रयोगशाळा निघाली, ली तिचे प्रमुख झाले.

मग एक अडचण पुढे आली. बैलाचे इन्शुलिन माणसाला चालते. १९२२ पासून मधुमेहाचे रोगी त्यावरच जगत होते. त्यामुळे बैलाचे वाढीचे संप्रेरकही खुज्या मुलांना उपयोगी पडेल, असे डॉक्टरांना वाटत होते. ते पडले नाही. उंदरावर उत्तम चालणारे औषध माणसावर निकामी ठरत होते. १९५० च्या दशकाच्या मध्यात अर्न्स्ट क्नोबिल यांनी माकडांवर प्रयोग करून दाखवले की माकडाला माकडाचेच संप्रेरक लागू पडते. १९५६ मध्ये ली आणि हॅरल्ड पॅपकॉफ यांनी माणसाच्या आणि माकडाच्या ग्रंथींतून वाढीचे संप्रेरक वेगळे काढले. ते बैलाच्या संप्रेरकाहून आकाराने आणि घडणीने वेगळे निघाले. पुढे १९५८ मध्ये बोस्टनच्या मॉरिस रेबेन यांनी, आपल्या स्वतंत्र पद्धतीने काढलेले मानवी संप्रेरक देऊन एका सतरा वर्षांच्या खुज्या मुलाची उंची वाढल्याचे जाहीर केले.

ही बातमी आईबापांपर्यंत पोचल्यावर काय झाले असेल, याची कल्पना करा. शाळेत प्रार्थनेला आपण उंचीनुसार उभे राहायचो. त्या रांगेत पहिल्या नंबरावर वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्याला काय वाटते, हे आपल्यातल्या दोघा-तिघांना चांगलेच ठाऊक आहे. आणि हे तर केवळ बुटके असण्याबद्दल झाले. ज्यांच्या शरीरात हे संप्रेरक तयारच होत नाही, अशी मुले वयात आल्यावरही जेमतेम लहान मुलाएवढी राहत. त्यांच्यासाठी औषध सापडले होते, पण ते मृत माणसाच्या डोक्यातूनच मिळत होते. माणसाची पीयूषिका ग्रंथी जेमतेम अर्ध्या ग्रॅमची, त्यात संप्रेरक काही मिलिग्रॅम. एका मुलाच्या वर्षभराच्या उपचाराला कित्येक डझन ग्रंथी लागत. शवविच्छेदनाच्या वेळी काढलेल्या ग्रंथी देशभरातून गोळा करणारी यंत्रणा अमेरिकेत सरकारी मदतीने उभी राहिली. तरीही पुरत नव्हते. ठराविक उंची गाठली की त्या मुलाचे इंजेक्शन बंद करून ते दुसऱ्याला द्यावे लागे.

यातून सुटायचा मार्ग ली यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञाला स्पष्ट दिसत होता. संप्रेरक म्हणजे प्रथिन, प्रथिन म्हणजे अमायनो आम्लांची माळ. मण्यांचा क्रम समजला तर माळ प्रयोगशाळेत ओवता येईल, आणि मग प्रेतांकडे जावे लागणार नाही. हा काही स्वप्नाळूपणा नव्हता. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत इन्शुलिनचे ५१ मणी मांडून दाखवले होते. ली यांच्या गटाने त्याच सुमारास एसीटीएचच्या ३९ मण्यांचा क्रम लावला आणि १९६० मध्ये त्याच्या सुरुवातीच्या १९ मण्यांचा तुकडा कृत्रिमरीत्या बनवला. विशेष म्हणजे एवढा तुकडासुद्धा काम करत होता.

त्या १९ मण्यांच्या कामात जे. रामचंद्रन हे भारतीय विद्यार्थी होते. ते पुढे बेंगळुरूच्या ॲस्ट्रा संशोधन केंद्राचे प्रमुख झाले. भारतीय विज्ञान संस्थेचे एन. आर. मौद्गल हेही त्याच काळात ली यांच्याकडे मानवी वाढीच्या संप्रेरकावर काम करून आले आणि परतून त्यांनी बेंगळुरूत प्रजनन संप्रेरकांच्या अभ्यासाची मोठी परंपरा उभी केली. परीक्षेवर घेतलेल्या त्या विद्यार्थ्याची प्रयोगशाळा एव्हाना जगभरच्या विद्यार्थ्यांचे ठिकाण झाली होती.

१९६६ मध्ये ली यांनी मानवी वाढीच्या संप्रेरकाचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला. मणी १८८. त्या काळी हे काम कसे होत असे, ते समजून घेतल्यावर मी थक्क झाले. माळ वेगवेगळ्या विकरांनी वेगवेगळ्या जागी तोडायची, तुकडे वेगळे करायचे, प्रत्येक तुकड्याचे मणी एका टोकापासून एकेक करून ओळखायचे आणि मग तुकड्यांच्या कडा जुळवत पूर्ण माळ पुन्हा मांडायची. फाटलेल्या पत्राचे कपटे जुळवावेत तसे. एखादा तुकडा हरवला किंवा दोन कडा सारख्या दिसल्या की क्रम चुकलाच.

त्यानंतर ली आणि डोनाल्ड यामाशिरो यांनी ती माळ ओवायला घेतली. ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये एक युक्ती शोधली होती. पहिला मणी प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्यांना चिकटवायचा, मग एकेक मणी जोडत जायचे आणि प्रत्येक वेळी नको असलेली रसायने धुऊन टाकायची. तत्त्व सोपे, पण १८८ वेळा. प्रत्येक पायरीला थोडी जरी गळती झाली तरी शेवटी हाती येणारा माल किती गढूळ असेल, याचा हिशेब आपल्या गणिताच्या सरांनी चक्रवाढ व्याजाच्या तासाला सहज करून दाखवला असता. जानेवारी १९७१ मध्ये घोषणा झाली की मानवी वाढीचे संप्रेरक कृत्रिमरीत्या बनवण्यात यश आले आहे. नैसर्गिक संप्रेरकाच्या सुमारे एक दशांश परिणाम त्यात होता. वृत्तपत्रांत मोठे मथळे आले. खुज्या मुलांच्या घरोघरी तो दिवस सणाचा वाटला असेल.

त्याच वर्षी बोस्टनमध्ये काम करणाऱ्या ह्यू नायल या ऑस्ट्रेलियन संशोधकाने तोच क्रम स्वतंत्रपणे तपासला. ली यांच्या माळेतला एक तुकडा चुकीच्या जागी होता आणि दोन मणी राहूनच गेले होते. म्हणजे मोठ्या कष्टाने जी माळ ओवली होती, ती मुळात त्या संप्रेरकाची नव्हतीच. ली यांनी आपले काम पुन्हा तपासले आणि १९७१ मध्येच दुरुस्त क्रम प्रसिद्ध केला. आता मणी १९०. पुढच्या एक-दोन वर्षांत आणखी एक मणी सापडला आणि संख्या १९१ वर स्थिरावली. आज ही १९१ अक्षरे कुणालाही फुकट उतरवून घेता येतात, दोन एसएमएसमध्ये मावतात. ती बरोबर लिहायला जगातल्या उत्तम प्रयोगशाळांना कित्येक वर्षे लागली.

अट्ठावन्नाव्या वर्षी, आयुष्यभराच्या कामाच्या शिखरावर, सगळ्या जगासमोर असे झाल्यावर माणूस एकतर भांडत बसतो किंवा गप्प होतो. ली यांनी दोन्ही केले नाही. ते पुन्हा ग्रंथी दळायला लागले, आणि त्यातून त्यांचा बहुधा सर्वांत अनपेक्षित शोध लागला. १९६४ मध्ये त्यांनी मेंढीच्या ग्रंथीतून 'लिपोट्रोपिन' नावाचे, चरबीशी संबंधित एक प्रथिन वेगळे केले होते. फारसे कुणी त्याच्याकडे पाहिले नाही. पुढे त्यांनी एका इराकी विद्यार्थ्यामार्फत उंटांच्या ग्रंथी मिळवल्या. त्यांत लिपोट्रोपिन सापडले नाही, पण त्याच्या शेपटाशी तंतोतंत जुळणारा ३१ मण्यांचा एक तुकडा सापडला. १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबरडीनमध्ये जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी मेंदूतली नैसर्गिक वेदनाशामके शोधली आणि त्यांतल्या एकाचे पाच मणी लिपोट्रोपिनच्या आतच असल्याचे दाखवले. ली आणि डेव्हिड चुंग यांनी आपला उंटाचा तुकडा पुन्हा बाहेर काढला. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा पदार्थ म्हणजे बीटा-एंडॉर्फिन. मेंदूत थेट दिल्यास मॉर्फिनपेक्षा कितीतरी पट प्रभावी. आज आपण सकाळी धावून आल्यावर "एंडॉर्फिन मिळालं" असे सहज म्हणतो, त्या शब्दामागे उंटांच्या त्या ग्रंथी आहेत.

वाढीच्या संप्रेरकाची कथा मात्र वेगळ्या वाटेने पुरी झाली. ली यांची प्रयोगशाळा १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला हलली होती. त्याच विद्यापीठात १९७० च्या दशकात जनुक-अभियांत्रिकीचे नवे तंत्र आकार घेत होते. माळ एकेक मणी जोडून ओवण्यापेक्षा तिची कृतीच जिवाणूला देऊन टाकायची, असा तो विचार. १९७९ मध्ये शेजारच्याच जेनेनटेक कंपनीच्या डेव्हिड गोडेल आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंकडून मानवी वाढीचे संप्रेरक बनवून घेतल्याचे जाहीर केले. विद्यापीठातल्या संशोधकांनीही त्याच सुमारास ते जनुक वेगळे केले होते. या पेटंटावरून दोघांत झालेला खटला पुढे १९९९ मध्ये २० कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. ली यांना जे रसायनशास्त्राच्या मार्गाने हवे होते, ते त्यांच्याच शहरात जीवशास्त्राच्या मार्गाने आले.

पण ते बाजारात येईपर्यंत १९८५ उजाडले, आणि त्या वर्षी अघटित घडले. लहानपणी ग्रंथींपासून काढलेले संप्रेरक घेतलेले काही तरुण क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोगाने दगावल्याचे लक्षात आले. मेंदूची चाळण करणारा हा रोग एरवी म्हातारपणी आणि अत्यंत विरळा दिसतो. हजारो प्रेतांच्या ग्रंथी एकत्र दळल्या जात. त्यातली एखादी ग्रंथी जरी या रोगाच्या माणसाची असली, तरी तो दोष संपूर्ण घाण्यात मिसळे आणि लक्षणे दिसायला दहा, वीस, तीस वर्षे लागत. एप्रिल १९८५ मध्ये अमेरिकेत हे संप्रेरक देणे थांबवले गेले. तिथे १९६३ ते १९८५ या काळात सरकारी यंत्रणेमार्फत सुमारे ७,७०० जणांना ते मिळाले होते. त्यांतले तीसहून अधिक या रोगाने गेले. फ्रान्समध्ये शंभराहून अधिक. या मुलांच्या आईवडिलांनी ती इंजेक्शने मोठ्या आशेने, रांगेत थांबून मिळवली होती.

याच आकड्यांत एक तपशील आहे, जो मला विसरता येत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट पार्लो यांच्या प्रयोगशाळेत संप्रेरक शुद्ध करण्याची एक जादा पायरी सुरू झाली. त्या वर्षानंतर तिथे उपचार सुरू केलेल्या मुलांमध्ये हा रोग आढळलेला नाही. या रोगाचा तेव्हा कुणी विचारही केला नव्हता. केवळ माल अधिक निखळ असावा, एवढ्यासाठी ती पायरी घातली होती, आणि तिने मुले वाचवली.

म्हणून मला ली यांच्या आयुष्याचे मोल संश्लेषणाच्या त्या फसलेल्या घोषणेवर किंवा न मिळालेल्या नोबेलवर मोजावेसे वाटत नाही. १९६२ चे लास्कर पारितोषिक आणि हजारांहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत, ते असोत. त्यांनी पन्नास वर्षे एकच प्रश्न लावून धरला. माझ्या हातातल्या भुकटीत नेमके काय आहे, आणि दुसरे काही नाही हे कशावरून? या प्रश्नाला कंटाळवाणे म्हणून बाजूला सारणे सोपे असते. शुद्धता हा प्रयोगशाळेतला नखरा नव्हे, ती मुलाच्या जिवाची हमी असते, हे १९८५ ने भयंकर रीतीने दाखवून दिले.

ऑक्टोबर १९८५ मध्ये जिवाणूंनी बनवलेल्या संप्रेरकाला अमेरिकेत परवानगी मिळाली. त्यात एक मणी जास्त होता, १९२. हुबेहूब १९१ मण्यांचे दुसऱ्या कंपनीचे संप्रेरक १९८७ मध्ये आले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला ली यांचे बर्कलीत निधन झाले. शेवटपर्यंत ते कामात होते. सत्तरीत, १९८३ मध्ये, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वाढीच्या संप्रेरकाचा निरोप हाडांपर्यंत पोचवणारा आयजीएफ-१ हा ७० मण्यांचा पदार्थ संपूर्ण संश्लेषित केला.

आता तुटवडा उरलेला नाही. जिवाणू हवे तेवढे संप्रेरक बनवतात. २००३ पासून अमेरिकेत, संप्रेरकाची कमतरता नसलेल्या पण फारच बुटक्या मुलांनाही ते देण्याची मुभा आहे. व्यायामशाळांत ते चोरून विकले जाते, खेळाडूंना त्याची बंदी घालावी लागते. पूर्वी डॉक्टरांना विचारावे लागे, हे कुणाला पुरेल? आता विचारावे लागते, हे कुणाला खरोखर हवे आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने दिले. दुसऱ्याचे उत्तर आपल्यासारख्या आईबापांना, तज्ज्ञ डॉक्टरांसमोर बसून, मुलाचा उंचीचा तक्ता पुढ्यात ठेवून शोधायचे आहे. तेव्हा निदान एवढे लक्षात असावे की त्या छोट्या बाटलीतले पाण्यासारखे दिसणारे औषध निखळ असावे म्हणून कुणीतरी पन्नास वर्षे ग्रंथी दळल्या आहेत, आणि ते निखळ नव्हते तेव्हा त्याची किंमत मुलांनी मोजली आहे.